यलोस्टोनमध्ये एक दिवस, वाफ थांबायची वाट बघत

या ब्लॉगवर मी एरवी वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहिते, तेही सवड मिळेल तसं. प्रवासाबद्दल लिहावं एवढा प्रवास माझ्या वाट्याला आलेला नाही. पण मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या, माझ्याच वयाच्या काही वाचकांनी विचारलं की यलोस्टोन आपल्याच्याने होतं का, चालावं किती लागतं, खायचं काय. म्हणून लिहायला बसले. सांगता सांगता बाकीचंही येईल. ते वगळून लिहून बघितलं होतं, जमलं नाही.

माझी मुलगी रेवती आणि जावई अनिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन नावाच्या गावात राहतात. मी उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेले होते. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता रेवती म्हणाली, "आई, सप्टेंबरमध्ये यलोस्टोनला जाऊ या. तिथे जमिनीतून वाफ येते. बाबांना किती आवडलं असतं!"

तिचे बाबा, म्हणजे आमचे हे, साखर कारखान्यात बॉयलरवर होते. लग्न झाल्यापासून त्यांच्या निवृत्तीपर्यंत आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहिलो. बॉयलरच्या आवाजाने त्यांचे कान लवकर गेले. माझी शाळा सातवीत सुटली होती, पण कॉलनीच्या वाचनालयातलं एकेक पुस्तक आणून मी वाचायला लागले, आणि त्यांनाही ऐकायचं असायचं, म्हणून मोठ्याने वाचायचे. इतक्या मोठ्याने की शेजारच्या बायका दुसऱ्या दिवशी विचारायच्या, "पुढं काय झालं हो त्या राणीचं?" निवृत्तीनंतर कारखान्यापासून जवळच आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. त्याच्या गच्चीवरून कारखान्याची चिमणी दिसते. दीड वर्षापूर्वी हे गेले. तेव्हापासून मी मनातच वाचते.

आता या ट्रिपमागची गोष्ट. ते घर विकावं असं रेवतीचं म्हणणं होतं. मी सहा महिने तिच्याकडे राहावं, सहा महिने पुण्यात एखाद्या ज्येष्ठांच्या संकुलात, जिथे डॉक्टर असतात आणि जेवण तयार मिळतं. शेजारचा पाटलांचा मुलगा घर घ्यायला तयार होता आणि माझ्या होकारासाठी थांबला होता. रेवती म्हणाली, "आत्ता काही बोलू नकोस. ट्रिपवरून आलो की सांग. फक्त हो किंवा नाही."

मी बरं म्हटलं. पण एक गोष्ट मनात टोचत होती, ती बोलले नाही. वडील गेले तेव्हा रेवती आली नव्हती. व्हिसाचे कागद अडकले होते, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. हे मला समजत होतं. पण यंदा मार्चमध्ये कागद आले. त्यानंतर ती आली नाही, तिने मला तिकीट पाठवलं. आणि न येताच घर विकायला निघाली.

डब्लिनजवळच्या कोलंबसहून विमानाने निघालो, डेन्व्हरला विमान बदललं आणि सॉल्ट लेक सिटीला उतरून गाडी भाड्याने घेतली. पार्कच्या जवळही विमानतळ आहेत, पण तिथली तिकिटं फार महाग, असं अनिकेतरावांनी शोधून काढलं होतं. सॉल्ट लेकहून पाच-सहा तास गाडीत बसायची तयारी ठेवा. रस्ता उत्तम आहे, पण आयडाहो राज्यात शिरल्यावर बघण्यासारखं फारसं नाही. बटाट्याची शेतं, चाकांवर फिरणारे लांबच लांब फवारे, मध्येच एखादं गाव. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला पाला असलेलं ठेंगणं पीक होतं. अनिकेतराव म्हणाले, "आई, हे साखरेचं बीट. इथे यापासून साखर करतात."

"म्हणजे ऊस नाही?"

"नाही. कारखाना मात्र असतो. चिमणी वगैरे सगळं सेम."

मी पुढे बराच वेळ खिडकीतून चिमणी दिसते का बघत होते. दिसली नाही.

मुक्काम वेस्ट यलोस्टोन या गावात केला. पार्कचं पश्चिमेचं फाटक गावाला लागूनच आहे. खोल्यांचे भाव बघून जीव दडपतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी दोनेक तास अलीकडे, आयडाहो फॉल्सला राहावं, पण मग पहाटे निघावं लागेल. खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते आधी विचारून घ्या. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. पार्कमध्ये खायला मिळतं, पण शाकाहारी माणसाला चिप्स आणि सँडविचवर दिवस काढावा लागतो.

सकाळी उठलो तर आभाळ अगदी टेकलेलं आणि थंडी एवढी की गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे घामाच्या धारा, म्हणून मी एकच स्वेटर आणला होता. अनिकेतरावांनी त्यांचं जॅकेट मला दिलं. "आई, लवकर निघू या यार, दहानंतर पार्किंग मिळत नाही," असं म्हणाले आणि मग एकदम कान लाल झाले. "सॉरी. यार तुम्हाला नव्हतं."

"असू दे हो. यार तर यार," मी म्हटलं. रेवती हसली. त्या दिवसातलं ते पहिलं हसणं, आणि पुढे फार हसणं झालं नाही.

प्रवेशाची फी माणशी नसून गाडीमागे असते आणि तोच पास आठवडाभर चालतो. परदेशी पाहुण्यांसाठीचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी पार्कच्या वेबसाइटवर पाहून घ्या. फाटकातून आत गेलं की फोन जवळजवळ बंदच पडतो. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि एकमेकांना सोडून लांब जाऊ नये.

नदीच्या कडेने रस्ता जातो. रस्त्यात दोन गवे आडवे उभे होते, अंगावर दव, तोंडातून वाफ. गाड्यांची रांग लागली. कोणी हॉर्न वाजवला नाही. त्यांची इच्छा झाली तेव्हा ते बाजूला झाले.

मग झाडं दिसली. पाण्याच्या डबक्यात उभी, वाळून करडी पडलेली, एकालाही पान नाही. आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी घोट्याएवढा भाग पांढराशुभ्र, जणू पायमोजे घातलेत. रेवतीने बोर्ड वाचून सांगितलं, जमिनीतलं गरम पाणी झाडांच्या मुळाशी आलं, त्यातलं खनिज झाडात चढलं आणि झाड तसंच उभ्या उभ्या मेलं. त्यामुळे ते लवकर कुजतही नाही.

"डिप्रेसिंग आहे ना?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "उभी तर आहेत."

पहिला थांबा गरम पाण्याच्या मोठ्या तळ्याचा. फोटोत ते निळं, हिरवं, नारिंगी दिसतं, बघून बघून तुम्हाला पाठ झालं असेल. आम्हाला ते दिसलं नाही. थंड हवेत वाफ इतकी दाटली होती की लाकडी पायवाटेवर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. कधी वारा आला की पायाखाली नारिंगी पट्टा चमकायचा आणि पुन्हा झाकला जायचा. तळ्याचे रंग बघायचे असतील तर ऊन वर आल्यावर, दुपारी या. पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नका. वरून घट्ट दिसणारी जमीन पापडासारखी असते आणि खाली उकळतं पाणी. माणसं गेली आहेत, असं बोर्डावर चित्र काढून सांगितलंय.

वाफेतून मराठी बोलणं ऐकू आलं. कोणी काका-काकू होते, मुलाबरोबर आलेले. काका कठड्याला धरून वाकून बघत होते.

"एवढं गरम पाणी आणि आंघोळीची सोय नाही? आमच्याकडे असतं तर आतापर्यंत चार कुंडं बांधली असती. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं."

"तुम्ही मागे या आधी," काकू म्हणाल्या.

"अगं, नुसते पाय सोडून बसलो असतो. गुडघ्याला बरं असतं."

"गुडघे घेऊन घरी चला. इथे सोडलेत तर शिजून वर येतील."

मुलगा म्हणाला, "आई, प्लीज, लोक बघतायत." काकू म्हणाल्या, "बघू देत. कळतंय कुणाला?" मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्या ओशाळून हसल्या. मीही हसले. पण त्या पुढे जाईपर्यंत मी तिथेच थांबले. नवऱ्याला असं फटकारण्यात काय सुख असतं ते त्यांना माहीत नव्हतं. हे होते तेव्हा मलाही नव्हतं.

वासाबद्दल सगळे लिहितात, सडक्या अंड्यासारखा. अनिकेतरावांनी नाकाला रुमाल लावला होता. मला मात्र तो वास परका वाटला नाही. कारखान्यात उसाचा रस उजळ करायला गंधक जाळतात. त्याचा वास तिखट असतो, घशात धरतो. इथला जड आणि ओला. सारखा नाही, पण गंधकच. यांच्या कपड्यांना तो असायचा आणि त्यात मळीचा गोडसर वास मिसळलेला. त्या कोंदट हवेत मी एकदा मळीचा वास शोधला. अर्थात नव्हता.

तिथून पुढे तो प्रसिद्ध गिझर, म्हणजे ठरल्या वेळी जमिनीतून उडणारा उकळत्या पाण्याचा फवारा. पुढचा फवारा अंदाजे कधी येईल ते तिथल्या माहिती केंद्रात पडद्यावर लिहिलेलं असतं, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात. साधारण दीड तासाला एकदा उडतो. समोर अर्धगोलात बाकं आहेत. जागा धरायला लवकर बसावं लागतं आणि थंडी बाकातून वर चढते, तेव्हा खाली घालायला काहीतरी न्या. आम्ही तिथेच दशमी-चटणी खाल्ली. थर्मासमधला चहा अर्ध्या तासात कोमट झाला.

बसल्या बसल्या मला वाटलं, आता रेवती विचारेल. ती दोनदा माझ्याकडे वळली. एकदा म्हणाली, "पाय झाकून घे." दुसऱ्यांदा, "चटणी आहे का अजून?"

शेवटी गिझर उडाला. पाणी उंच गेलं असणार, पण आभाळ पांढरं, वाफ पांढरी आणि पाणीही पांढरं. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. खाली आदळणाऱ्या पाण्याचा आवाज आला, तेवढंच काय ते कळलं. पुढच्या बाकावरची एक पोरगी आईला म्हणाली, "दॅट्स इट?" लोक उठले, गाड्यांकडे गेले. मीही उठले. कितीतरी लांबून बघायला आलो आणि फक्त ऐकून निघालो. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या दिवशी डोळ्यांसमोर काही लख्ख उभं राहिलं असतं तर मला ते झेपलं नसतं.

पावसाची भुरभुर सुरू झाली होती. अनिकेतराव म्हणाले, परत जाऊ या. रेवती म्हणाली, "नॉरिस राहिलं. बाबांसाठी मी तेच बघायला आले होते." म्हणून आलो त्याच रस्त्याने मागे येऊन, पुढे उत्तरेला नॉरिसला गेलो. हा भाग पार्कमधला सगळ्यात तापलेला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सांगते, इथे उतार आणि पायऱ्या आहेत, आणि ओल्या लाकडावर पाय घसरतो. चढताना मध्ये बसायला बाकं आहेत. सावकाश गेलं तर होतं.

वरून खाली पाहिलं तर झाड नाही, गवत नाही. राखेच्या रंगाचं माळरान आणि त्यात दुधाळ निळ्या पाण्याची डबकी. ठिकठिकाणी वाफ निघत होती. आम्ही उतरायला लागलो आणि वळणावर आवाज आला.

तो कसा होता ते लिहून सांगता येणार नाही, पण कारखान्याच्या कॉलनीत राहिलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तसा. ऊस गाळायची गिरणी अचानक बंद पडली की वाफेला जायला वाट उरत नाही, दाब चढतो आणि व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. मग अख्ख्या कॉलनीवर तो आवाज पडायचा. आमच्याकडे रीत अशी होती की आवाज आला की बायकांनी हातातलं काम टाकायचं, गॅस बंद करायचा आणि दारात येऊन उभं राहायचं. कारखान्याकडे तोंड करून, काही न बोलता. सगळ्या दारांत बायका. आवाज थांबला की आत जायचं. कोणी सुरू केलं माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दारात आणून उभं केलं होतं, बस एवढंच.

आणि मी त्या पायवाटेवर उभी राहिले. माझा उजवा हात हवेत गॅसचं बटण शोधत होता, हे मला नंतर कळलं.

अनिकेतराव पुढे गेले होते, ते परत आले. "आई, काय झालं? पाय दुखतोय का?"

"नाही. हे थांबू दे."

"काय थांबू दे?"

रेवती माझ्यापेक्षा चार-पाच पायऱ्या खाली होती. तीही उभी होती. माझ्याकडे पाठ, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, तोंड आवाजाच्या दिशेने. अनिकेतरावांनी तिला हाक मारली, "रेवा, चल ना, पाऊस वाढतोय."

"एक मिनिट. थांबू दे," ती म्हणाली.

नागपूरचे ते, कॉलनीतली ही रीत त्यांना कुठून माहीत असणार. एकदा तिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाले, "अगं, पण हे थांबत नाही. हे वर्षानुवर्षं चालूच आहे. वर बोर्डवर लिहिलंय."

रेवती हसायला लागली आणि मध्येच थांबली. मग पायऱ्या चढून माझ्याजवळ आली. आम्ही कठड्याला टेकून उभ्या राहिलो. अनिकेतराव शहाणे आहेत. ते छत्री आमच्याकडे देऊन खाली डबकी बघायला निघून गेले.

त्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. यांच्याशी बोलायचा माझा आवाज दीड वर्ष बंद होता. तो तसाच्या तसा निघाला.

"तुला आठवतंय होय?"

"न आठवायला काय झालं? तू मागून माझी वेणी धरून ठेवायचीस."

"तू पळशील म्हणून."

"कुठे पळणार होते?"

"कारखान्याकडे. एकदा फाटकापर्यंत गेली होतीस. बाबांना बघायचंय म्हणून."

ती बोट दाखवून म्हणाली, "ते बघ."

उतारावर काळपट खडकात एक भोक होतं, त्यातून वाफ सुटत होती. वर पांढरा लोट, पण भोकाच्या तोंडाशी वीतभर जागा मोकळी, तिथे काहीच नसल्यासारखं. मी ओळखलं. हे सांगायचे, पांढरं दिसतं ती वाफ थंड व्हायला लागलेली असते. खरी वाफ दिसत नाही. पाइपाच्या तोंडाशी जिथे काहीच दिसत नाही तिथे हात गेला तर हात गेला. म्हणून पाइप गळतोय असं वाटलं की ते पुढे हात करत नसत, झाडूचा दांडा धरत. मला वाटत होतं हे फक्त मलाच सांगितलंय.

"तुला कधी दाखवलं?"

"किती वेळा! चहाच्या किटलीवर. तोटीपाशी बघ म्हणायचे, धुराकडे बघू नको." मग म्हणाली, "आणि व्हॉल्व्ह उडाला की तू घाबरायचीस. ते घरी येऊन म्हणायचे, आवाज आला की घाबरू नका. यायला हवा तेव्हा आला नाही तर घाबरा."

म्हणायचे खरं.

मी विचारलं. इतके महिने तोंडाशी येऊन परत गेलेलं विचारलं. "मार्चमध्ये कागद आले. मग का नाही आलीस?"

ती त्या भोकाकडे बघत होती. शेजारून एक अमेरिकन जोडपं गेलं. दोन बायका एकमेकींवर ओरडतायत असं वाटून त्यांनी मान खाली घातली.

"आई, मी फोनवर बघितलं सगळं. तिकडे पाटलांच्या दादाने फोन धरला होता, त्याचा हात हलत होता. मला बाबांचे पाय दिसले फक्त. आणि लोकांच्या पाठी. मला अजून वाटतं ते शिफ्टला गेलेत. खरंच वाटतं. सकाळी कॉफी करताना मी हिशोब करते, आता तिकडे दुसरी पाळी असेल. मी घरी आले तर ते घरात नसतील. घर विकलं तर मला बघावं लागणार नाही."

मला वाटलं होतं तिला घराचं काही वाटत नाही. मार्चपासून मी तेच धरून बसले होते. शेजारच्या बायकांनी विचारलं की "लेक कधी येणार?", तर मी तोंड फिरवत होते. आणि ही इथे दुसऱ्या देशात, रोज सकाळी त्यांना कामावर पाठवत होती.

"तू शिफ्टला पाठवतेस," मी म्हटलं, "पण दार मी उघडते ना. रोज. बाजारातून आले की मी कुलूप काढते आणि आत कोणी नसतं. तुला ते बघायचं नाही. मला कोणी विचारलं?"

हे कठोर झालं. पण मोठ्या आवाजात मऊ बोलता येत नाही.

ती रडत होती. मीही. पाऊस होता, त्यामुळे कोणाला कळलं नसेल.

"आता ऐक," मी म्हटलं. "तुला हो किंवा नाही हवं होतं. मी घर विकायला हो म्हणेन. पुण्यालाही राहीन. पण आधी तू ये. किल्ली तुझ्या हातात देते. तू कुलूप काढ, तू आत जा, बस, रड, काय ते कर. मग पाटलांना कळवू. तू न बघता विकायचं असेल, तर माझं उत्तर नाही."

तिने माझे हात धरले. म्हणाली, "तुझे हात गार पडलेत. चल."

आवाज चालूच होता. जाताना आम्ही दोघींनी मागे वळून बघितलं. तो सुरू असताना तिथून निघणं म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. कॉलनीत कोणी असं मध्येच आत गेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर फाटकापाशी गाड्यांची रांग होती. अनिकेतरावांनी विचारलं, "कसं वाटलं, आई?" मी म्हटलं, "बरं झालं आणलंत." रेवती मागे माझ्या शेजारी बसली होती, डोकं खिडकीला लावून. ती झोपली नव्हती.

डब्लिनला परत आल्यावरही तिने काही उत्तर दिलं नाही, आणि मी विचारलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर मी परत आले. विमानतळावर तिने मला घट्ट धरलं आणि एवढंच म्हणाली, "बॉयलर पेटवतात तो कार्यक्रम कधी असतो गं?"

आमच्याकडे गळिताचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलरची पूजा करून अग्नी पेटवतात. पूजेला जोडपं बसतं. एका वर्षी कामगारांतून आमची निवड झाली होती. नवीन धोतराची सवय नसल्याने हे दर दोन मिनिटांनी काष्टा चाचपत होते. यंदाही कारखान्याची पत्रिका आली. मी गेले, बायकांत मागे उभी राहिले आणि प्रसाद घेऊन आले. तारीख रेवतीला कळवली.

आता विचारणाऱ्यांना उत्तर. यलोस्टोन आपल्याच्याने होतं. दिवसभरात दोन-तीन ठिकाणंच धरा, सगळं बघायचा हट्ट धरू नका. गरम कपडे एक थर जास्तच न्या. खायचं घरून न्या. ऊन असलेला दिवस मिळाला तर रंग दिसतील. आमच्यासारखा दिवस मिळाला तर आवाज ऐका. मी रंगांचे फोटो आणले नाहीत, त्यामुळे इथे लावलेले नाहीत.

माझ्याजवळ त्या दिवसातलं काय राहिलं हे मी रोज तपासते. ती वीतभर मोकळी जागा राहिली. आणि मोठा आवाज राहिला. परवा मी पुस्तक घेतलं आणि अर्धं पान मोठ्याने वाचलं. खोलीत कोणी नव्हतं. विचित्र वाटलं, पुढे वाचवेना, मिटून ठेवलं. पण अर्धं पान झालं.

बॉयलर पेटल्यावर काही दिवसांनी सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी असते. संध्याकाळ होती. मी भाजी फोडणीला टाकली होती आणि रेवतीचा फोन चालू होता. तिच्याकडे सकाळ, ती कॉफी करत होती. तेवढ्यात आवाज आला. मी गॅस बंद केला, फोन हातात घेतला आणि दारात उभी राहिले. शेजारी पाटलांची सून दारात आली, पलीकडे मास्तरांच्या बाई आल्या. आता तशा थोड्याच राहिल्या आहेत. फोनवर रेवतीला सगळं ऐकू जात होतं. तिकडे कप ठेवल्याचा आवाज झाला आणि मग काही नाही.

मग तो थांबला. इथे थांबतो.

"बंद झाला का?" तिने विचारलं.

"झाला."

"मी जानेवारीत येते. अनिकेत नाही, एकटीच." मग म्हणाली, "तू दारात उभी राहू नकोस हं तेव्हा. कुलूप लाव आणि किल्ली पाटलांकडे ठेव. मी काढते."

मी बरं म्हटलं. शेजारच्या बायका आत गेल्या होत्या. मीही आत गेले आणि गॅस लावला.